बावटा कोणाच्या हाती?

मिरकरवाडा, हर्णे, देवगड यांसारख्या कोकणातील बंदरांत जुनी माणसे आजही वादळाची भाषा बावट्याच्या आकड्यात बोलतात. 'तीन नंबरचा बावटा लागला' हे चार शब्द कानी पडले की होडीचा दोर सोडायला निघालेला हात थांबतो. दिवसा खांबावर चढवलेले शंकूचे आणि पिंपाचे आकार, रात्री लाल-पांढऱ्या दिव्यांची मांडणी आणि एक ते अकरा असे संकेत, एवढीच ती लिपी. निरक्षर खलाशालाही ती वाचता येई. या बावट्याचा एक मोठा गुण असा, की तो कोणी लावला हे सर्वांना ठाऊक असे. हवामान खात्याचा निरोप आला म्हणून बंदर अधिकाऱ्याने तो चढवला आणि धोका टळल्याचा निरोप आल्यावर तोच तो उतरवणार. त्या शब्दामागे कोणीतरी उत्तरदायी उभे होते.

आता हा बावटा एका वेगळ्याच हाती जाऊ घातला आहे, आणि त्याची पुरेशी चर्चा आपल्याकडे झालेली नाही.

कृत्रिम बुद्धिमत्तेशी गप्पा मारणे आता मध्यमवर्गीय घरांत नवलाचे राहिलेले नाही. मुलांचा गृहपाठ, आजोबांच्या औषधांची चौकशी, सहलीचे नियोजन अशा अनेक गोष्टी यंत्राला विचारल्या जातात. त्यापुढची पायरी म्हणजे 'एजंट'. हे यंत्र नुसते बोलत नाही, सांगितलेले काम परस्पर करून मोकळे होते. तिकीट काढते, पत्र पाठवते, माहिती शोधून आणते. परंतु यंत्राला जे शिकवले गेले ते काल-परवाचे. आज सकाळी अरबी समुद्रात काय घडत आहे ते त्याला ठाऊक असण्याचे कारण नाही. म्हणून त्याच्या हाती साधने द्यावी लागतात. ही साधने म्हणजे छोट्या संगणक प्रणाली. एजंटाने प्रश्न टाकायचा, प्रणालीने सरकारी हवामान यंत्रणेच्या दारात जाऊन इशारा आणायचा आणि एजंटाने तो वाचून माणसाला सांगायचा. अँथ्रॉपिक या अमेरिकी कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये अशा साधनांसाठी 'मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल' नावाची संकेतप्रणाली सर्वांना खुली करून दिली. तेव्हापासून जगभरातील तरुणांनी अशी असंख्य साधने लिहिली आहेत. त्यांत हवामानाच्या इशाऱ्यांची साधनेही आहेत.

ही संकेतप्रणाली शिकू पाहणाऱ्यांसाठी जो प्राथमिक धडा प्रसिद्ध झाला, तो नेमका हवामानाच्या इशाऱ्यांचाच आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय हवामान सेवेच्या दारातून त्या देशातील एखाद्या राज्याचे चालू इशारे आणून देणारे साधन विद्यार्थ्याने लिहायचे. म्हणजे पुण्यातला, बंगळुरूतला किंवा नागपुरातला अभियंता हे नवे शास्त्र शिकायला बसतो, तेव्हा त्याचा पहिला पाढा कॅलिफोर्नियाच्या आकाशाचा असतो. त्यात कोणाचे कारस्थान नाही. अमेरिकेच्या हवामान सेवेने आपले दार कोणालाही, विनाशुल्क, नोंदणीची कटकट न ठेवता उघडे ठेवले आहे, म्हणून धडा लिहिणाऱ्याने ते निवडले. ही त्यांच्या व्यवस्थेची थोरवी आहे आणि ती मोकळेपणाने मान्य केली पाहिजे. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत मेघगर्भाची प्रकरणे आहेत, हे सांगून छाती फुगवण्याने आज कोणाची होडी किनाऱ्याला लागत नाही.

त्याच धड्यात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. माहिती आणण्यात अपयश आले, तर ते साधन 'इशारे आणता आले नाहीत किंवा आढळले नाहीत' अशा आशयाचे एकच उत्तर देते. शिकवणीच्या उदाहरणात ते क्षम्य आहे. पण हाच साचा उचलून कोणी खरे साधन बनवले आणि त्यावर रत्नागिरीच्या एखाद्या घराने विश्वास टाकला, तर? 'आणता आले नाहीत' याचा अर्थ तार तुटली. 'आढळले नाहीत' याचा अर्थ आभाळ निरभ्र. ज्या घटकेला वादळ जवळ येते त्याच घटकेला सरकारी संकेतस्थळांवर लोकांची झुंबड उडते आणि ती मंदावतात. म्हणजे धोका सर्वाधिक असताना साधन रिकाम्या हाती परतण्याची शक्यताही सर्वाधिक. गोड बोलण्याची सवय लागलेले यंत्र मग शांतपणे सांगणार, की आपल्या भागासाठी सध्या कोणताही इशारा नाही.

वादळाचा अंदाज आणि वादळाचा इशारा यांत फरक आहे आणि तो समजून घेणे आवश्यक आहे. अंदाज हे विज्ञान आहे. तो चुकू शकतो, सुधारू शकतो, दहा संस्था दहा अंदाज देऊ शकतात. इशारा ही मात्र राज्यसंस्थेची कृती आहे. त्यावरून शाळा बंद होतात, गावे हलवली जातात, रेल्वे थांबते, मच्छीमाराची दिवसाची कमाई बुडते. म्हणून तो देण्याचा अधिकार एकाच मुखाला असावा लागतो.

भारतात हा अधिकार कसा घडत गेला, याचा इतिहास उद्बोधक आहे. १८६४ च्या ऑक्टोबरात कलकत्त्याला चक्रीवादळाने झोडपले आणि सुमारे साठ हजार माणसे दगावली. त्यानंतर १८६५ मध्ये कलकत्ता बंदरासाठी इशाऱ्याची व्यवस्था उभी राहिली आणि १८७५ मध्ये भारतीय हवामान खाते स्थापन झाले. इंग्रजांच्या दृष्टीने आधी जहाजे, आधी माल. किनाऱ्यावरच्या झोपडीपर्यंत इशारा पोहोचवणे ही त्यांची प्राथमिकता नव्हती. ते काम स्वतंत्र भारताने केले आणि तेही फार रक्त सांडल्यावर. १९७७ च्या नोव्हेंबरात आंध्रातील दिवी तालुका समुद्राने गिळला, तेव्हा संघाचे स्वयंसेवक चिखलातून मृतदेह काढून अंत्यसंस्कार करत होते. २९ ऑक्टोबर १९९९ रोजी ओडिशात महाचक्रीवादळाने दहा हजारांच्या आसपास बळी घेतले. त्याच ओडिशात २०१३ साली 'फायलिन' आले. त्या वेळी दहा लाखांच्या आसपास लोक आधीच हलवले गेले आणि मृतांचा आकडा पन्नासच्या आसपास राहिला. वारा याही वेळी भीषणच होता. चौदा वर्षांत बदलले होते ते इशाऱ्यावर लोकांचे बसलेले मन. हे मन बसवायला पिढी लागते. ते उडायला एक खोटी हाकाटी पुरते.

ज्या यंत्रणेने हा विश्वास कमावला, ती आज दुबळी नाही. नवी दिल्लीचे केंद्र उत्तर हिंदी महासागराच्या संपूर्ण परिसरासाठी चक्रीवादळांवर लक्ष ठेवते आणि त्यांना नावे देते. २०२० मध्ये तेरा देशांकडून आलेल्या १६९ नावांची यादी याच केंद्राने प्रसिद्ध केली. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने विकसित केलेली, सहा किलोमीटरच्या जाळीवर चालणारी 'भारत फोरकास्ट सिस्टिम' २०२५ च्या मे महिन्यात राष्ट्राला अर्पण झाली. 'मिशन मौसम'साठी केंद्राने २०२४ मध्ये दोन हजार कोटी रुपये मंजूर केले. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणासाठी सी-डॉटने 'सचेत' ही इशारा यंत्रणा देशातच बांधली. २०२३ मध्ये एके दिवशी सगळ्यांचे फोन एकदम कर्कश किंचाळले आणि पडद्यावर चाचणीचा संदेश उमटला, तो प्रसंग अनेक घरांना आठवत असेल. ती त्याच प्रयत्नांची तालीम होती.

'सचेत' ज्या आंतरराष्ट्रीय मसुद्यावर चालते, त्या 'कॉमन अलर्टिंग प्रोटोकॉल'मध्ये प्रत्येक इशाऱ्यासोबत काही खुणा बांधलेल्या असतात. पाठवणारा कोण, केव्हा पाठवला, केव्हा संपणार, क्षेत्र कोणते, तीव्रता किती, खात्री किती, हा नवा इशारा की जुन्याची सुधारणा की रद्द केल्याची सूचना आणि हा खरा इशारा आहे की निव्वळ सराव. ही शेवटची खूण न वाचणारा एजंट सरावाला संकट समजेल. 'केव्हा संपणार' ही खूण न वाचणारा काल रात्रीचा इशारा आज दुपारी खरा म्हणून सांगेल. चक्रीवादळ समुद्रात असताना हवामान खात्याचे पत्रक दर तीन तासांनी नवे निघते. सकाळचे पत्रक संध्याकाळी वाचणे म्हणजे शिळी भाकरी ताजी म्हणून वाढणे.

आणि घोटाळे केवळ काळाचे नाहीत. पत्रकात ०३०० यूटीसी असे लिहिलेले असते, म्हणजे आपल्याकडचे सकाळचे साडेआठ. यंत्राने ते पहाटेचे तीन म्हणून सांगितले, तर साडेपाच तासांचा फरक पडतो आणि साडेपाच तासांत होडी कितीतरी दूर जाते. वाऱ्याचा वेग नॉटमध्ये असतो. साठ नॉट म्हणजे ताशी सुमारे १११ किलोमीटर. साठचा आकडा तसाच उचलून 'ताशी साठ' असे सांगितले, तर तीव्र चक्रीवादळाची झुळूक होते. त्याहून सूक्ष्म गोष्ट अशी, की भारतीय हवामान खाते वाऱ्याचा वेग तीन मिनिटांच्या सरासरीने मोजते, तर अमेरिकी यंत्रणा एका मिनिटाच्या. त्यामुळे एकाच वादळाचे दोन आकडे निघतात आणि दोन्ही आपापल्या जागी बरोबर असतात. आपला एजंट परदेशी आकडा उचलून भारतीय वर्गवारीत बसवू लागला, तर वादळाला एक पायरी फुकटची चढवली जाईल. पुढच्या वेळी लोक म्हणणार, उगाच घाबरवतात.

बरोबर उत्तर, चुकीचा प्रश्न

२०२१ च्या मे महिन्यातील 'तौक्ते' हे या विषयाचे खरे पाठ्यपुस्तक आहे. हे वादळ महाराष्ट्राच्या जमिनीवर धडकले नाही. ते १७ मेच्या रात्री सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर धडकले. त्या दिवसांत एखाद्याने यंत्राला विचारले असते, 'वादळ रत्नागिरीला धडकणार का?' आणि साधनाने पत्रक आणून दिले असते, तर यंत्राचे उत्तर आले असते, 'नाही, ते गुजरातेत धडकेल.' उत्तर अक्षरशः बरोबर. पण ते वादळ किनाऱ्याला समांतर वर सरकताना सिंधुदुर्ग-रत्नागिरीत घरांची कौले आणि बागांतले आंबे उडवून गेले. मुंबईत शंभर किलोमीटरहून अधिक वेगाचा वारा वाहिला आणि सांताक्रूझला एका दिवसात २३० मिलिमीटर पाऊस कोसळला. नकाशावर वादळाच्या मार्गाची जी रेघ असते, ती मध्याची रेघ आहे. तिच्या बाहेर उभे असणे म्हणजे सुरक्षित असणे नव्हे. अनुभवी हवामान अधिकारी हे न विचारता सांगतो, कारण प्रश्नामागची भीती त्याला कळते.

त्याच १७ मे रोजी मुंबईजवळच्या तेलक्षेत्रात पी-३०५ हा तराफा २६१ माणसांसह वादळात सापडला आणि बुडाला. नौदलाने उसळत्या समुद्रातून १८० हून अधिक जणांचे प्राण वाचवले. अनेक कामगार मात्र परतले नाहीत. हवामान खात्याचे इशारे त्याआधी अनेक दिवस येत होते. इशारा होता, तो हाती होता, आणि तरीही माणसे समुद्रात राहिली. वाचणाऱ्याने त्याचा अर्थ काय लावला, येथे सारे अडले. तेव्हा वाचणारा माणूस होता, म्हणून चौकशी झाली, जाब विचारता आला. उद्या एखाद्या जहाज कंपनीचा एजंट पत्रक वाचून 'काम चालू ठेवण्यास हरकत नाही' असा सल्ला देईल. तेव्हा जाब कोणाला विचारायचा? यंत्र बनवणाऱ्या परदेशी कंपनीला, साधन लिहिणाऱ्या हौशी तरुणाला, की ते विकत घेणाऱ्या व्यवस्थापकाला? तिघेही एकमेकांकडे बोट दाखवतील आणि कायदा मध्ये उभा राहून पाहील.

भाषेचा प्रश्न तर याहून बिकट आहे. २०१३ च्या नोव्हेंबरात फिलिपिन्समध्ये 'हैयान' वादळाने सहा हजारांहून अधिक बळी घेतले. अधिकाऱ्यांनी 'स्टॉर्म सर्ज'चा इशारा दिला होता. टाक्लोबान शहरातील वाचलेल्या अनेकांनी नंतर सांगितले, की त्या शब्दाचा अर्थच त्यांना कळला नव्हता. आपल्याकडे यंत्र त्याचे शब्दशः भाषांतर करून 'वादळाची वाढ' असे काहीतरी सांगून बसेल. मालवणच्या किंवा गुहागरच्या माणसाला 'उधाण' म्हटले की पुरते. वादळाने समुद्र किती वर चढून आत येणार, हे त्याला दोन वाक्यांत समजते. हा शब्द यंत्राला आपोआप सुचणार नाही. तो आपण द्यावा लागेल. आणि भाषांतर दुसऱ्याच्या हाती सोपवण्याचे फळ काय असते, हेही दिसून आले आहे. २०२५ च्या एप्रिलमध्ये खुद्द अमेरिकेच्या हवामान सेवेची इतर भाषांतील पत्रके काही काळ बंद पडली. कारण एवढेच, की यंत्रभाषांतर करणाऱ्या खासगी कंपनीशी असलेला करार संपला होता. महासत्तेच्या घरी करारावाचून इशारा मुका होतो, तर मराठीची काय कथा!

दार आपले असावे

तेव्हा यंत्र नाकारावे काय? तसे म्हणणे म्हणजे बैलगाडीच्या युगात परत जाणे होय आणि ते कोणी करणारही नाही. लोक विचारणारच आहेत. आज आपल्या इशाऱ्यांसाठी अधिकृत साधन नसेल, तर कोणीतरी संकेतस्थळावरचा मजकूर खरवडून अनधिकृत साधन बनवणारच. त्यातील बरेचजण देशप्रेमापोटी, मदत व्हावी म्हणूनच ते करतील. हेतू शुद्ध असल्याने यूटीसीचा हिशेब सुटत नाही. म्हणून ही जागा हवामान खात्याने आणि आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने स्वतः व्यापली पाहिजे.

याचा नमुना आपल्याच घरात आहे. २०१६ मध्ये आलेल्या यूपीआयने काय केले? दुकानदाराच्या पाटीवर कोणत्याही कंपनीचे ॲप असो, परदेशी असो वा देशी, पैसा जातो तो राष्ट्रीय देयक महामंडळाने घातलेल्या रुळावरूनच, त्याच्या नियमांनी. कोणाला आत घ्यायचे, चूक झाली तर तक्रार कशी सोडवायची, हे रूळ घालणारा ठरवतो. इशाऱ्यांचेही असेच व्हावे. एजंट कोणाचाही असो, भारतीय किनाऱ्याचा इशारा सांगायचा तर तो अधिकृत दारातूनच घ्यावा. त्यावर खात्याची अंकीय स्वाक्षरी असावी. मूळ मराठी मजकूर, वेळ आणि मुदत यांसह तो जसाच्या तसा दाखवावा. सारांश करायचा असेल, तर तो मूळ मजकुराच्या खाली. सौम्य करण्याचा किंवा भडक करण्याचा अधिकार यंत्राला नसावा. आणि माहिती मिळाली नाही, तर 'माहिती मिळाली नाही, जिल्हा नियंत्रण कक्षाला विचारा' असेच त्याने म्हणावे.

यात सरकारलाही थोडे बदलावे लागेल. आपल्या खात्यांची जुनी खोड अशी, की माहिती म्हणजे तिजोरीतला ऐवज. परवानगीचा अर्ज, शिक्का आणि प्रतीक्षा. वादळाचा इशारा हा काही लष्करी गुपिताचा भाग नव्हे. तो जितका लवकर आणि जितक्या दूर जाईल तितका बरा. दार बंद ठेवून सार्वभौमत्व राखले जात नाही. खिडकीतून उड्या मारणारे वाढतात, इतकेच. दार सताड उघडे, पण उंबरठा आपला आणि उंबरठ्यावरचे नियमही आपले, ही स्वदेशीची आजची व्याख्या होऊ शकेल.

समुद्रात असलेल्या माणसाची गोष्ट मात्र निराळी. २०१७ च्या 'ओखी'च्या वेळी केरळ-तमिळनाडूचे मच्छीमार वादळाची चाहूल लागण्यापूर्वीच खोल समुद्रात गेलेले होते. शेकडो जण भरकटत देवगडच्या बंदरात आश्रयाला आले, तेव्हा कोकणाने त्यांना पोटाशी धरले. अनेकांचा ठावठिकाणा मात्र लागलाच नाही. त्यांच्यासाठी एजंटही व्यर्थ आणि मोबाइलही व्यर्थ. इस्रोच्या तंत्रज्ञानावरील ट्रान्सपाँडर एक लाख नौकांवर बसवण्याची जी योजना ऑगस्ट २०२४ मध्ये पालघरहून सुरू झाली, तिचे महत्त्व यासाठी आहे. हा इशारा थेट नौकेत पोहोचतो, मध्ये कोणी गप्पिष्ट यंत्र बसलेले नसते.

जमिनीवरही परिस्थिती फार वेगळी नाही. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' श्रीवर्धनजवळ धडकले आणि रायगड-रत्नागिरीतील कितीतरी गावांत वीज गेली ती अनेक दिवस आली नाही. मोबाइलचे मनोरे आडवे झाले. ज्या घरांनी सर्व भिस्त फोनवर ठेवली होती, त्यांना दुसऱ्या दिवशी शेजारच्या वाडीत काय झाले हेही कळेना. त्या काळात उपयोगी पडली ती देवळातली घंटा, मोटारसायकलवर फिरणारा पोलीस पाटील आणि कोयते-कुऱ्हाडी घेऊन रस्त्यावरची झाडे तोडत निघालेली तरुण मुले. या मुलांना आज कृत्रिम बुद्धिमत्तेचे वेड आहे, हे वाईट नव्हे. किनारपट्टीच्या तालुक्यांतील कार्यकर्त्यांनी त्यांना हाताशी धरावे. हवामान खात्याचे मूळ पत्रक कसे वाचायचे, पिवळा, नारिंगी आणि लाल रंग काय सांगतात, पत्रकावरची वेळ आधी का पाहायची, हे एका रविवारच्या सकाळी तासाभरात शिकवता येते. यंत्राने सांगितलेले आणि पत्रकात लिहिलेले त्यांनी शेजारी शेजारी ठेवून ताडून पाहावे. जेथे चूक दिसेल तेथे ती टिपून खात्याला कळवावी.

आणि ग्रामपंचायतीच्या भिंतीवर, देवळाच्या सभामंडपात, मच्छीमार सोसायटीच्या दाराशी जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ हा क्रमांक रंगाने लिहून ठेवावा. अरबी समुद्रातील वादळांचे हंगाम दोन, मे-जून आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. रंग त्याआधी वाळलेला हवा.